एका लेखणीचे अनेक सूर

१० नोव्हेंबर १५७९ रोजी गोवा शहरातून एका इंग्रज येशूसंघीयाने लंडनमधील आपल्या व्यापारी वडिलांना पत्र लिहिले. लिहिणारा तिशीच्या घरातला होता. ४ एप्रिलला लिस्बनहून निघालेली त्याची गलबते २४ ऑक्टोबरला गोव्यास लागली होती. पत्रात त्याने निघतानाच्या तोफा व तुताऱ्या सांगितल्या, वाऱ्यांची लहर सांगितली, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ दिसलेले पक्षी आणि समुद्रातले अक्राळविक्राळ मासे सांगितले. हिरड्या सुजविणाऱ्या व्याधीने जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी सत्तावीस दगावली. इतर सफरींच्या मानाने ही हानी फार मानली गेली नाही, हेही त्याने शांतपणे नमूद केले. पत्रात उपदेश जवळजवळ नाहीच. हजारो कोसांवर बसलेल्या बापाला मुलाविषयी जे जाणून घ्यावेसे वाटेल तेवढे त्यात आहे, आणि व्यापारी माणसाला ज्या गोष्टींत रस असतो त्या जरा अधिक आहेत. पुढे हॅकल्यूट यांनी हे पत्र आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

हा पत्रलेखक म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो, त्यांच्या नावाने व्याख्याने ठेवतो आणि त्यांनी गायिलेली मराठीची थोरवी प्रत्येक साहित्यमेळाव्यात न चुकता ऐकतो. ती थोरवी इतक्या वेळा ऐकली आहे की बाकीचे स्टीफन्स मात्र आपल्या नजरेआड झाले आहेत. त्यांच्या लेखनातील एका निराळ्या गोष्टीकडे येथे लक्ष वेधावयाचे आहे, ती म्हणजे त्यांचा सूर. मजकूर म्हणजे काय सांगितले, आणि सूर म्हणजे ते कोणाला कोण समजून सांगितले. वाचकाला आपण पुत्र मानतो, शिष्य मानतो, प्रतिपक्षी मानतो की आरोपी, हे शब्दांच्या अर्थापेक्षा त्यांच्या सुरातून अधिक कळते. कीर्तनकार उभा राहिला की पहिल्या दोन वाक्यांतच समोरच्या मंडळींना ते उमगते. लेखनातही तसेच होते.

आपल्या धर्मग्रामांतील सूचनाफलक घ्या. ‘जे पालक मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गास पाठविणार नाहीत त्यांच्या मुलांना प्रथम कम्युनियन दिले जाणार नाही’ असे एक वाक्य असते. ‘प्रथम कम्युनियनची तयारी धर्मशिक्षणाच्या वर्गात होते, पालकांनी मुलांना दर रविवारी पाठवावे’ असे दुसरे असते. नियम दोहोंत एकच आहे. पहिल्यात मात्र पालक आधीच दोषी ठरलेला आहे, आणि दुसऱ्यात तो धर्मगुरूंच्या बरोबरीने मुलाचा हात धरून उभा आहे. चर्चच्या पायऱ्यांवर यातल्या कोणत्या वाक्याची चर्चा होते ते वाचकांना सांगावयास नको.

आता पुन्हा स्टीफन्सकडे येऊ. ते ज्या इंग्लंडमधून आले तेथे राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक असणे हाच संशयाचा विषय झाला होता. कॅथलिक पुस्तके बाळगणे धोक्याचे होते. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत मित्रासोबत स्टीफन्स काही काळ त्याच्या नोकराच्या वेषात हिंडत होते. दोघांनी मिळून रोमला जाण्याचा बेत केला होता, पण पाउंड पकडले गेले आणि स्टीफन्सना एकट्यालाच जावे लागले. १५७५ साली रोममध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश घेतला. त्यांचे देशबांधव आणि संघबंधू एडमंड कॅम्पियन यांना १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमध्ये देहान्त शासन झाले. त्या वेळी स्टीफन्स गोव्यात होते. आपला धर्म लपवून पाळावा लागणे म्हणजे काय आणि आपले ग्रंथ हिरावले जाणे म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आणि नेमक्या याच माणसाची नेमणूक झाली ती साष्टीत. त्या भूमीचा ताजा इतिहास आपल्याला सुखावणारा नाही. परंतु तो टाळून ‘ख्रिस्तपुराणा’चा सूर समजणार नाही. १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. जुने ग्रंथ बाळगण्यास व वाचण्यास बंदी होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. हेच अक्वाविवा अकबर बादशहाच्या दरबारी राहून आले होते. त्यांना १८९३ साली धन्यवादित घोषित करण्यात आले आणि आपण त्यांचा सण पाळतो. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या म्होरक्यांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून, चौकशीविना ठार करण्यात आले. ही दुसरी गोष्ट आपल्या सणाच्या प्रवचनात क्वचितच येते. दोन्ही बाजूंनी सांडलेल्या या रक्तानंतरची तीस-पस्तीस वर्षे स्टीफन्स याच लोकांमध्ये राहिले. ज्यांच्या आजोबांची दैवते गेली आणि ज्यांचे शेजारी मारले गेले, त्या नवख्रिस्ती कुटुंबांशी कोणत्या सुरात बोलावयाचे, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. तो अलंकारशास्त्राचा प्रश्न नव्हता.

कुंकळ्ळीच्या घटनेनंतर तीनच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, स्टीफन्सनी आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्या पत्रात येथील भाषांविषयी काही ओळी आहेत. या देशात भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला अप्रिय नाहीत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासात या ओळींना मोठा मान आहे, कारण भारतीय आणि युरोपीय भाषांमधील साम्य इतक्या लवकर फारच थोड्यांनी टिपले होते. मला मात्र त्यातील समतोल अधिक महत्त्वाचा वाटतो. सहकारी मारले गेल्याला शंभर दिवस होतात न होतात, आणि हा माणूस त्याच लोकांच्या बोलीला ग्रीक-लॅटिनच्या पंक्तीला बसवितो. रागावलेल्या माणसाला समोरच्याची भाषा गोड लागत नाही, असा आपला सर्वांचा अनुभव आहे.

१६१६ साली राशोल येथील येशूसंघाच्या महाविद्यालयात त्यांचा ग्रंथ छापला गेला. मुखपृष्ठावर पोर्तुगीज नाव होते आणि धर्मन्यायासनाची म्हणजे इन्क्विझिशनची परवानगी मिळाल्याची नोंदही होती. आपल्याला तो ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने परिचित आहे. पहिल्या पुराणात ४,२९६ आणि दुसऱ्यात ६,६६६ अशा एकूण १०,९६२ ओव्यांचा हा विस्तार. पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा सांगते आणि दुसरे प्रभू येशूचे चरित्र.

ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. धर्मशिक्षण ऐकून झाल्यावर एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूंना विचारतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वाचू देत नाही, तर मग त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास दुसरे काही का देत नाही? सबंध ग्रंथ हे या प्रश्नाचे उत्तर आहे. क्षणभर थांबून पाहिले तर ही मोठी धीट जागा आहे. धर्मन्यायासनाच्या परवानगीने छापलेल्या पुस्तकात, पहिल्याच अवस्वरात (स्टीफन्स आपल्या अध्यायांना असे म्हणतात), बंदीमुळे निर्माण झालेल्या पोकळीची तक्रार बंदी सोसणाऱ्याच्याच तोंडून उच्चारली जाते. तक्रार करणाऱ्याला मूर्ख ठरविलेले नाही, दटावलेले नाही. त्याची मागणी रास्त आहे असे गुरू मानतात आणि त्यासाठी लेखणी उचलतात. पुढेही ठिकठिकाणी कोणी श्रोता मध्येच शंका काढतो आणि गुरू कथा थांबवून उत्तर देतात. देवळाच्या ओसरीवर पुराणिकबुवा पोथी सांगत असताना असेच होत असे.

तेथेच या ग्रंथाच्या सुराचे मर्म आहे. स्टीफन्सनी पुराणिकाचे आसन घेतले, न्यायाधीशाचे नव्हे. पुराणाची रीत त्यांनी बारकाईने पाळली आहे. आधी नमन, मग स्वतःच्या अपुऱ्या बुद्धीची कबुली, मग भाषेची थोरवी आणि त्यानंतर कथा. तीन चरणांत यमक जुळवून चौथ्या चरणात विसावणारी ओवी त्यांनी निवडली. ओवीला घाई खपत नाही. खंडनमंडनाला लागणारा धारदार त्रोटकपणा या वृत्तात बसत नाही, उलट दळणाच्या आणि पोथीच्या सवयीने ती ऐकणाऱ्याच्या अंगात आधीच मुरलेली असते. मराठीच्या थोरवीत मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरू हे सारे येथल्याच मातीतून आले आहेत. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यासही ते कचरत नाहीत. परक्या देशातून आलेला माणूस श्रोत्यांच्याच घरातल्या वस्तू हातात घेऊन बोलतो.

ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत त्यांनी आपल्या भाषेविषयी खुलासा केला आहे. देवाच्या गोष्टी सांगावयास या देशीच्या भाषांत मराठी योग्य वाटली. पण शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द गाळले आणि ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द, म्हणजे आज आपण ज्याला कोकणी म्हणतो त्यातले, जागोजाग मिसळले, असा त्या खुलाशाचा आशय आहे. आमच्यापैकी जे सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकून बाहेर पडले त्यांना या खुलाशाचे मोल कळावे. शिकलेल्या माणसाला सोपे लिहिणे हे उतरल्यासारखे वाटते. स्टीफन्सना व्याकरण उत्तम येत होते. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोललाच छापले गेले, आणि त्याचा सूर अगदी वेगळा आहे. ते शिकणाऱ्या पाद्र्यांसाठी आहे, म्हणून नेमके व रुक्ष आहे. १६२२ साली छापलेली त्यांची ‘दौत्रिना’ प्रश्नोत्तररूप आहे, पाठ करण्याजोगी. पत्र, व्याकरण, प्रश्नोत्तरी आणि पुराण या चारही ठिकाणी लेखक एकच आणि श्रद्धाही एकच. वाचक बदलला की सूर बदलला, एवढेच.

तथापि स्टीफन्सना आजच्या सर्वधर्मसंवादाच्या व्यासपीठावर ओढून बसविणे योग्य होणार नाही. अलीकडे आपल्या लेखांतून तसे वारंवार होते. ‘ख्रिस्तपुराणा’त मूर्तिपूजेचा निषेध आहे आणि तो मोघम नाही. साष्टीतली देवळे पाडणे चूक होते असे त्यांनी कोठे म्हटलेले नाही. ज्या बंदीमुळे त्यांचे पुराण जन्मास आले ती उठविण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि ती उठावी असे त्यांना वाटत होते असे मानण्यास आधार नाही. स्वतःच्या देशात ज्याचे ग्रंथ निषिद्ध ठरले त्याने दुसऱ्यांचे ग्रंथ निषिद्ध असलेल्या मुलखात आयुष्य घालवावे, ही विसंगती मला अस्वस्थ करते. गोड सुराने कठोर नियम मऊ होत नाही. पण नियमाखाली दबलेला माणूस त्या सुरामुळे माणूस म्हणून दिसत राहतो, हेही तितकेच खरे आहे.

तुलनेसाठी फार दूर जावयास नको. स्टीफन्स १६१९ साली गोव्यात निवर्तले. त्यानंतर दहाच वर्षांनी, १६२९ साली, गोव्यातच त्याच येशूसंघाच्या एका फ्रेंच धर्मगुरूंचा ग्रंथ छापला गेला. एत्येन द ला क्रुआ हे त्यांचे नाव. हाही ग्रंथ मराठीत, हाही ओवीबद्ध, याचेही वळण पुराणाचेच. विषय संत पेत्राचे चरित्र. म्हणून त्याला ‘पीटर पुराण’ म्हणतात. पण पौर्वात्य मूर्तिपूजकांच्या प्रमुख भ्रमांचे यात खंडन केले आहे, असे त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच जाहीर केले आहे. द ला क्रुआंचे मराठी कच्चे नव्हते. हिंदू पुराणकथा त्यांना चांगल्या अवगत होत्या. तसे नसते तर त्यांचे खंडन करता आले नसते. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवून घेतलेली रामायण-महाभारताच्या कथांची आणि मराठी काव्याची हस्तलिखिते आजही आहेत. येशूसंघीय येथील वाङ्मय किती कसून वाचीत होते याचा तो पुरावा आहे. एकाच विद्येतून स्टीफन्सनी पुराणाचा घाट उचलला आणि द ला क्रुआंनी वादाचे मुद्दे उचलले. पहिल्याचा श्रोता मांडीला मांडी लावून बसलेला आहे, तर दुसऱ्याचा श्रोता पिंजऱ्यात उभा आहे, आणि गंमत अशी की तो बहुधा आधीच बाप्तिस्मा घेतलेला आहे!

द ला क्रुआंवर मी अन्याय करू इच्छीत नाही. त्यांचा सूर त्या काळच्या ख्रिस्तसभेचा सर्वमान्य सूर होता. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेचे नियम ‘जो कोणी असे म्हणेल तो बहिष्कृत असो’ याच साच्यात घडविलेले होते, आणि दोघांचीही पिढी त्याच साच्यात शिकली. आपली ख्रिस्तसभा त्या साच्यातून अधिकृतपणे बाहेर आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. ११ ऑक्टोबर १९६२ रोजीच्या उद्घाटनाच्या भाषणात पोप तेविसावे जॉन यांनी कठोरतेच्या शस्त्राऐवजी दयेचे औषध वापरण्याविषयी सांगितले, आणि परिषदेच्या सोळाही दस्तऐवजांत बहिष्काराचा एकही नियम आला नाही. येशूसंघीय इतिहासकार जॉन ओमॅली यांनी या परिषदेवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की परिषदेने केलेला मोठा बदल सुराचा होता, आणि सुराचा बदल हा वरवरचा बदल नव्हे. आम्ही सेमिनरीत असताना हे दस्तऐवज परीक्षेसाठी वाचीत असू. काय सांगितले ते पाठ झाले, पण कोणत्या आवाजात सांगितले हे कोणी विचारले नाही.

दोन पुराणांचे पुढे काय झाले? ‘ख्रिस्तपुराण’ १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. वाचून वाचून झिजल्या की काय न कळे. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने कोकणी तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला आणि देशी भाषांतील ख्रिस्ती लेखनाला ओहोटी लागली. ग्रंथ मात्र हस्तलिखितांतून आणि घराघरांतून टिकला, विशेषतः मंगळूरच्या बाजूला. तेथेच १९०७ साली जे. एल. सालदान्हा यांनी हस्तलिखितांच्या आधारे तो रोमन लिपीत पुन्हा छापला. १६५४ नंतर अडीचशेहून अधिक वर्षे न छापता एखादे पुस्तक जगते, ते लोक ते गात असतात म्हणून. ‘पीटर पुराणा’च्या वाट्याला असे गाणे आले नाही. अभ्यासक त्याचे उतारे तपासतात. वादाला प्रतिपक्षी लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत तो प्रतिपक्षी उरला नाही.

आपल्या उत्तर कोकणातही एक पुराण होते. १६५९ साली फ्रान्सिस्को वाझ द गिमरायश यांनी प्रभूच्या दुःखसहनावर रचलेले हे पुराण येथील बोलीच्या अंगाने जाते आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापले गेले. काव्य म्हणून ते स्टीफन्सच्या पासंगालाही पुरत नाही, पण त्याचा सूर शोकाचा आहे आणि शोकात लहानथोर सारे सामील होऊ शकतात. उपवासकाळात ते गाणाऱ्या वृद्धांची आठवण ज्या कुटुंबांत असेल त्यांनी ती लिहून ठेवावी. पुढच्या पिढीला ती विकत मिळणार नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. १६०८ साली स्टीफन्सनी रोममधील आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून विनंती केली होती की येथील ग्रंथ येथील लिपीत छापू द्यावेत. सहाशेच्या आसपास लागणारे खिळे दोनशेपर्यंत आणता येतील, असा कारागिराचा हिशेबही त्यांनी जोडला होता. अर्जाचा सूर नम्र आणि व्यवहारी होता. पण तसे घडले नाही आणि पुराण रोमन अक्षरांत निघाले. परिणाम असा झाला की धर्मग्रामाच्या शाळेत रोमन अक्षरे शिकलेला एखादाच ते वाचू शके आणि बाकीचे सारे गाव ऐकत बसे. मराठीचा एवढा गौरव करणारा ग्रंथ मराठी वाचकाच्या डोळ्यांना परका आणि कानांना ओळखीचा, असा दीर्घकाळ राहिला. लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात त्याचे एक नागरी हस्तलिखित आहे, त्यात पोर्तुगीज वळणाच्या अनेक शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. छापील नागरीत संपूर्ण ‘ख्रिस्तपुराण’ मराठी वाचकाच्या हाती आले ते शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे. राशोलच्या पहिल्या छपाईला तेव्हा तीनशे चाळीस वर्षे झाली होती.